हात नेमका केव्हा कापतो?

लातूरला माझा फिजिओथेरपीचा दवाखाना आहे. इथं येणारे बहुतेक जण गुडघे, कंबर, मान नाहीतर खांदा घेऊन येतात. 'हात कापतोय' म्हणून थेट माझ्याकडे येणारे कमीच. तरीही थरथरीचे रुग्ण मला नेहमी भेटतात, कारण खांदा आखडला म्हणून आलेला माणूस दारातून आत चालत येतो तेव्हा त्याचा एक हात चालीबरोबर मागंपुढं होतो आणि दुसरा अंगाला चिकटून राहतो, हे मला दिसतं. मग खांदा बाजूला ठेवून मी त्यांना खुर्चीत बसवते, दोन्ही हात मांडीवर सैल सोडायला सांगते आणि शंभरापासून उलटे आकडे मोजायला लावते. नव्वदीपर्यंत येता येता त्या चिकटलेल्या हाताचा अंगठा हलायला लागतो.

आडत बाजारातले एक मुनीमजी असेच आले होते. उजवा खांदा वर जात नव्हता, कित्येक महिने शेक घेऊन झाला होता. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरत होती, जपमाळेचे मणी ओढावेत तशी. त्यांना विचारलं, तर म्हणाले, "ते व्हय? ते वयामानानं हाय. पेन धरलं की थांबतंय बगा." त्या वाक्यातच निदानाची दिशा होती. मी त्यांच्या मुलाला जुन्या वह्या आणायला सांगितल्या. चार-पाच वर्षांपूर्वीच्या रोजकीर्दीत टपोरं, मोकळं अक्षर होतं. अलीकडच्या वहीत ओळ मोठ्या अक्षरात सुरू व्हायची आणि शेवटाला जाईपर्यंत अक्षर मुंगीएवढं व्हायचं. मुलाला वाटत होतं, बाबांचा चष्म्याचा नंबर वाढला असेल. मी त्यांना न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं. आजार पार्किन्सन्सचा निघाला. आखडलेला खांदाही त्याचाच भाग होता, आणि हे नवलाचं नाही. हातापायांत थरथर दिसण्याआधी एका बाजूचा खांदा धरणं ही या आजाराची ओळखीची सुरुवात आहे.

थरथरीबद्दल घरच्यांनी पहिला प्रश्न विचारायचा तो हाच: हात नेमका केव्हा कापतो? निवांत पडलेला असताना, की काही धरल्यावर, की एखाद्या वस्तूकडे नेताना? या तीन वेळांवर पुढचं सगळं अवलंबून आहे. हे पाहायला कुठलंही यंत्र लागत नाही. लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरनं 1817 साली या आजारावरचा निबंध लिहिला तो सहा रुग्णांवरून, आणि त्यांतल्या काहींना तर त्यानं फक्त रस्त्यावर चालताना पाहिलं होतं. आजही पार्किन्सन्सचं निदान मुख्यतः पाहून, हात-पाय हलवून बघून आणि नीट विचारपूस करूनच होतं.

पार्किन्सन्सची थरथर विश्रांतीतली असते. सेकंदाला चार ते सहा वेळा, संथ, एका बाजूनं सुरू होणारी. हात कामाला लागला की कमी होते, झोपेत थांबते, मनावर ताण आला की वाढते. पण नुसती थरथर म्हणजे हा आजार नव्हे. सोबत हालचाल मंदावलेली असते: शर्टाचं बटण लावायला वेळ लागतो, अंथरुणात कूस बदलता येत नाही, आवाज बसल्यासारखा होतो, चेहऱ्यावरचे भाव कमी होतात. घरचे म्हणतात, "आबा आता कुणाशी बोलत नाहीत, रागावल्यासारखे बसतात." आबा रागावलेले नसतात, चेहऱ्याचे स्नायू आखडलेले असतात. दहातल्या दोघा-तिघांना तर सुरुवातीला थरथर नसतेच, आणि म्हणून त्यांचं निदान सगळ्यांत उशिरा होतं.

मेंदूच्या मध्यभागी सबस्टॅन्शिया नायग्रा नावाचा काळसर पट्टा आहे. तिथल्या पेशी डोपामिन नावाचं रसायन तयार करतात आणि त्याच्या जोरावर आपली हालचाल सुरळीत चालते. या आजारात त्या पेशी हळूहळू मरतात. लक्षणं डोळ्यांना दिसेपर्यंत त्यांतल्या जवळपास निम्म्या गेलेल्या असतात. त्याआधीची काही वर्षं शरीर इतर खुणा देत असतं: फोडणीचा वास न येणं, जुनाट बद्धकोष्ठ, झोपेत स्वप्नाबरहुकूम लाथा झाडणं, ओरडणं. एकेकटी खूण फार काही सांगत नाही. तीन खुणा एकत्र आल्या आणि त्यात एक हात मंदावला, तर मात्र थांबू नये.

आता याच्या अगदी उलटी थरथर. मी मूळची नांदेड जिल्ह्यातली, मुखेडची. माहेरी गेले की ओळखीपाळखीचे लोक काही ना काही दाखवायला येतात. त्यांत कंधारकडचे एक निवृत्त गुरुजी होते. मांडीवर ठेवलेले त्यांचे हात अगदी स्थिर. चहाचा कप पुढं केला की दोन्ही हात कापायला लागायचे आणि कप ओठांजवळ येईपर्यंत अर्धा चहा बशीत. ते म्हणाले, "ताई, लग्नात कुणी चहा दिला की मी घेत नाही म्हणून सांगतो. घरी दिवसातनं चार बार पितो." पंगतीत बसणं त्यांनी सोडलं होतं, सह्या करायला मुलाला पुढं करत होते, आणि आपल्याला पार्किन्सन्स झालाय या भीतीनं कुठल्याच डॉक्टरकडे गेले नव्हते. त्यांच्या वडलांचेही हात असेच कापायचे आणि ते भरपूर जगले.

याला इसेन्शियल ट्रेमर म्हणतात. पार्किन्सन्सपेक्षा हा कितीतरी जास्त आढळतो. दोन्ही हातांना होतो, काम करताना होतो, कधी मान 'नाही-नाही' म्हटल्यासारखी हलते, कधी आवाजही कापतो. निम्म्याच्या आसपास लोकांच्या घरात तो आधीच्या पिढीत असतो. प्रोप्रॅनोलॉलसारख्या स्वस्त गोळीनं पुष्कळांना फरक पडतो, मात्र दमा असलेल्यांना ती चालत नाही, म्हणून ती डॉक्टरांनीच द्यायची. थोड्या दारूनं ही थरथर तेवढ्यापुरती कमी होते हे खरं आहे. त्यापायी रोज घेण्याची सवय लागलेले पुरुष मी पाहिलेत, म्हणून हे मुद्दाम लिहिते: त्या वाटेनं जाऊ नका. गुरुजींना कागदावर शंखाची गोल-गोल रेघ काढायला लावली होती. ती सगळीकडून कातरल्यासारखी आली. पार्किन्सन्समध्ये तीच रेघ छोटी आणि दाटीवाटीची येते. हा कागद घरीही काढून ठेवता येतो, खाली तारीख लिहून.

कुटुंबातली थरथर म्हटली की आणखी एक गोष्ट सांगायला हवी. मूळच्या उत्तरेकडच्या अगरवाल समाजात एससीए-12 नावाचा आनुवंशिक आजार इतर समाजांपेक्षा जास्त आढळतो, हे भारतीय संशोधकांनी दाखवून दिलं आहे. आमच्या लातूर-नांदेडच्या बाजारपेठांत या समाजाची जुनी घरं आहेत. तिशी ते पन्नाशीत हात कापायला लागतात, मग काही वर्षांनी चालताना तोल जातो. कुणाला बोट दाखवावं म्हणून हे सांगत नाही. आजोबांचा हात कापायचा, काकांचा कापतो आणि आता आपला, असं दिसलं तर डॉक्टरांना ही कुळकथा न लाजता सांगावी. अशा आजारांच्या अभ्यासात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. मुंबईच्या डॉ. नोशीर वाडियांनी 1971 साली डोळ्यांची हालचाल मंदावणाऱ्या आणि तोल घालवणाऱ्या अशाच एका आनुवंशिक आजाराचं वर्णन जगापुढं ठेवलं, तेही रुग्णांच्या डोळ्यांकडे बारकाईनं पाहून.

ज्या कारणाची मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते, ते मात्र मेंदूत नाही, घरातल्या औषधांच्या पिशवीत असतं. औशाकडच्या एक मावशी आल्या. दोन्ही हात कापत होते, पावलं घसटत होती, चेहरा कोरा. घरच्यांनी कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स, झाला म्हणून मनाची तयारी केली होती. मी पिशवी उलटी केली. चक्कर येते म्हणून सिनारिझिन, गॅससाठी लेव्होसल्पिराइड असलेली कॅप्सूल. दोन्ही कधीतरी काही दिवसांसाठी लिहून दिलेल्या आणि पुढं वर्ष-दीड वर्ष मेडिकलमधून तशाच आणून खाल्लेल्या. ही औषधं मेंदूतल्या डोपामिनचं काम अडवतात. अर्धशिशीवरचं फ्लुनारिझिन, उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड आणि प्रोक्लोरपेराझिन, मानसिक आजारावरचं हॅलोपेरिडॉल यांनीही असंच होऊ शकतं. डॉक्टरांनी मावशींची औषधं बदलली आणि काही महिन्यांत त्या पुन्हा भाकरी थापायला लागल्या. सगळ्यांचं इतकं छान होत नाही. काहींचं ओठ-जीभ हलत राहणं, तोंड चघळल्यासारखं होणं औषध थांबल्यावरही उरतं. म्हणून माझं ठाम मत आहे की गॅसची, चक्करची गोळी वर्षानुवर्षं खाण्याची गोष्ट नाही. पण मानसिक आजाराची किंवा फिटची गोळी आपल्या मनानं बंद करणं त्याहून धोक्याचं. पिशवी डॉक्टरांपुढं ठेवा, निर्णय त्यांना घेऊ द्या. दम्याचा पंप, फिटचं व्हॅल्प्रोएट, वाढलेला थायरॉईड, एकाएकी उतरलेली साखर यांनीही हात कापतात. थायरॉईडमध्ये वजन उतरतं आणि छाती धडधडते, ते सोबत विचारावं.

तरुण माणसाचा हात कापत असेल, तर 'टेन्शन' म्हणून सोडून देण्याआधी दहादा विचार करावा. लातूरला बाहेरगावाहून हजारो मुलं अकरावी-बारावीला आणि नीटच्या तयारीला येतात. त्यांतल्याच एकाचं अक्षर बिघडायला लागलं, बोलणं जड झालं, तोंडातून लाळ यायची, चिडचिड वाढली, मार्क उतरले. आधी रागावून झालं, मग समजूत घालून झाली. हात बाजूला पसरून धरायला सांगितले तेव्हा ते खांद्यापासून वर-खाली झडपायला लागले. त्याच्या आईवडलांचं लग्न नात्यातलं, मामा-भाचीचं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्लिट लॅम्पवर पाहिलं तर बुबुळाच्या कडेला तपकिरी कडं दिसलं. विल्सनचा आजार. यात यकृताला शरीरातलं जादा तांबं बाहेर टाकता येत नाही आणि ते मेंदूत, डोळ्यांत साठत जातं. आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आलं तरच हा होतो, म्हणून नात्यातल्या लग्नांत त्याची शक्यता वाढते. आमच्या मराठवाड्यात मामाची मुलगी करणं, मामानं भाचीशी लग्न करणं अजूनही सर्रास चालतं. हे बोलायला नको वाटतं, पण बोलायला हवं. आणि हा अशा थोड्या आजारांपैकी एक आहे जिथं औषध वेळेवर सुरू झालं तर मूल सावरतं. पेनिसिलॅमिन, झिंक ही औषधं जन्मभर घ्यावी लागतात. सख्ख्या भावंडांना लक्षण नसलं तरी तपासावंच लागतं.

लहान मुलांबाबत दोन गोष्टी. पाच ते पंधरा वयातलं मूल, त्यातही मुलगी, अचानक चुळबुळी झाली, हातातून वस्तू पडायला लागल्या, तोंड वेडंवाकडं व्हायला लागलं, तर 'मुद्दाम करते' म्हणून मारू नका. तिला जीभ बाहेर काढून धरायला सांगा, ती टिकणार नाही. आपलं बोट तिच्या मुठीत द्या, पकड घट्ट-सैल होत राहील. घसा दुखून गेल्यावर काही आठवड्यांनी-महिन्यांनी येणारा हा सिडेनहॅम कोरिया असतो. तो बरा होतो, पण त्याच दुखण्यानं हृदयाच्या झडपा बिघडू शकतात. इको करणं आणि दर 21 दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन पुढची अनेक वर्षं न चुकवणं, हाच त्यावरचा उपाय. दुसरी गोष्ट तान्ह्यांची: वरचं अन्न न सुरू केलेलं, नुसत्या अंगावरच्या दुधावरचं, सहा महिने ते दोन वर्षांचं बाळ फिकट पडलं, बोटांच्या पेरांवर काळपटपणा आला, हसणं-बघणं थांबलं आणि अंग थरथरायला लागलं, तर पुष्कळदा आईच्या आणि बाळाच्या अंगातलं बी-12 संपलेलं असतं. अशा आया स्वतः अशक्त असतात, त्यांनाही उपचार लागतो.

काही हालचालींना तर आपण थरथर म्हणतच नाही. लिहायला पेन धरलं की बोटं वळतात आणि तोच हात भाकरी मोडताना ठीक असतो. मान एका बाजूला वळून राहते आणि हनुवटीला बोट लावलं की सरळ होते. लोक म्हणतात नाटक आहे. नाटक नाही, तो डिस्टोनिया आहे आणि बोटुलिनमच्या इंजेक्शननं त्यात आराम पडतो. नाचल्यासारखे हात-पाय आपोआप फेकले जाणं, सोबत स्वभाव बदलणं, आणि घरात आई किंवा वडलांना तसंच झालेलं असणं, हा हंटिंग्टनचा आजार असू शकतो. त्यात प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी असते. पापणी लवते तिचं काय, हे मला सारखं विचारतात. जागरण, थकवा, चहा यांनी पापणी लवते आणि थांबते. शकुन-अपशकुनाचा संबंध नाही. ते लवणं गालावर, ओठापर्यंत उतरलं आणि झोपेतही चालू राहिलं, तर मात्र दाखवावं.

आणि काही वेळा एक दिवसही थांबायचं नसतं. उदगीरकडच्या एका आजींचा डावा हात आणि पाय सकाळपासून एकसारखा झटकला जात होता. घरच्यांना वाटलं अंगात आलं. लिंबू-नारळ झालं, रात्र गेली. साखर तपासली तेव्हा चारशेच्या वर होती. वयस्कर मधुमेही बायकांमध्ये साखर फार वाढली की असं होतं, आणि साखर ताब्यात आली की बहुतेकांचं ओसरत जातं. श्रद्धेवर मला काही बोलायचं नाही. आधी बोटाला सुई टोचून साखर पाहावी, मग नारळ फोडावा. तशीच निकड फवारणीनंतरची. कपाशी-सोयाबीनवर फवारून आलेल्या माणसाच्या स्नायूंत फडफड दिसली, घाम, लाळ सुटली, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या, तर ती विषबाधा आहे. 2017 साली नांदेडशेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आमच्या किनवट-माहूरच्या लोकांनी जवळून पाहिलं. कपडे काढून अंग साबणानं धुवा, औषधाचा डबा सोबत घ्या आणि 108 ला फोन करा. कावीळ किंवा दारूनं यकृत खराब झालेल्याचे पंजे पसरल्यावर फडफडत असतील आणि तो बरळत असेल, तोही तातडीचा रुग्ण. एका अंगाला झटके येऊन शुद्ध हरपली, तर ती फिट असू शकते.

आता पैशांबद्दल. थरथर दिसली की आमच्याकडे पहिलं पाऊल म्हणजे देवगिरी नाहीतर दुसरी कुठली गाडी पकडून हैदराबाद आणि तिथं एमआरआय. रिपोर्ट 'नॉर्मल' आला की सगळे निश्चिंत होतात आणि वर्ष वाया जातं. पार्किन्सन्समध्ये साधा एमआरआय बहुतेकदा नॉर्मलच येतो. इसेन्शियल ट्रेमरमध्येही तो नॉर्मलच. इतर आजार नाहीत ना, हे पाहायला तो काढतात, आणि कुणाचा काढायचा ते डॉक्टरांनी ठरवायचं. माझा स्पष्ट निकाल असा: हजारो रुपयांच्या स्कॅनपेक्षा मोबाईलवर घेतलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ डॉक्टरांना जास्त सांगतो. हात मांडीवर असताना, हात समोर धरलेले असताना, पाणी पिताना, लिहिताना आणि चालताना, असं घरीच टिपून घ्या. दवाखान्यात गेल्यावर थरथर नेमकी थांबते किंवा भीतीनं दुप्पट होते, म्हणून घरचाच व्हिडिओ हवा.

पार्किन्सन्सवर औषध आहे, हेही लोकांना ठाऊक नसतं. 1960 च्या दशकाअखेरीस लेव्होडोपा आलं आणि आजही तेच मुख्य औषध आहे. ते आजार मुळातून काढत नाही, पण माणसाला पुन्हा चालतं-फिरतं करतं. हेच द्रव्य आपल्या शेताच्या बांधावरच्या खाजकुइलीच्या बियांत असतं. भारतीय शास्त्रज्ञांनी 1937 सालीच ते त्यातून वेगळं केलं होतं. म्हणून कुणी बियांचं चूर्ण गोळीसोबत आपल्या मनानं घेऊ नये. मात्रा दुप्पट होते आणि मग अंग वळवळायला लागतं. गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घ्यावी, कारण दूध-डाळीतल्या प्रथिनांमुळं ती नीट शोषली जात नाही. आणि वेळ पाळावी, घड्याळाच्या काट्यावर.

माझं काम इथून सुरू होतं. या रुग्णांची पावलं उंबरठ्यापाशी एकदम खिळतात. ढकललं की पडतात. मी जमिनीवर पट्ट्या मारते आणि त्या ओलांडून चालायला लावते. लोह्याकडचे एक वारकरी बाबा होते, त्यांना पट्ट्यांनी जमेना. त्यांच्या नातवानं टाळ वाजवायला घेतला आणि बाबा तालावर पाऊल टाकत खोलीभर फिरले. बाहेरून ठेका मिळाला की मेंदू दुसऱ्या वाटेनं चाल सुरू करतो, हे शास्त्रानंही मान्य केलेलं आहे. तेव्हापासून टाळांची एक जोडी माझ्या दवाखान्यात असते.

घरात कुणाचा हात कापत असेल तर एवढं करा. व्हिडिओ घ्या, जुनी आणि नवी सही शेजारी ठेवा, सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत भरा आणि जवळच्या एमडी मेडिसिन डॉक्टरांकडे नाहीतर न्यूरॉलॉजिस्टकडे जा. नांदेडकरांना विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरकरांना विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. तिथल्या मेडिसिनच्या ओपीडीतून सुरुवात करता येते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्या 21 प्रकारांचा समावेश आहे, त्यात पार्किन्सन्सही आहे. आजार पुढं सरकला असेल तर प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. ते मागणं तुमचा हक्क आहे.